आजीची कवळी आणि तांबडा उजेड

जून लागला की आमच्या पळसदरीला दिसेल त्या वस्तूला बुरशी येते. कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला येते, लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला येते, आणि माझ्या दवाखान्याच्या मागच्या भिंतीला तर दरवर्षी न चुकता येते. त्यामुळे 'तुमच्या तोंडात बुरशी झाली आहे' असे सांगितले की निम्मे रुग्ण लगेच म्हणतात, "पावसाचे दिवस आहेत ना डॉक्टर, म्हणून असेल." पण भिंतीवरची बुरशी वेगळी आणि तोंडातली वेगळी. तोंडातली बुरशी हवेतून येऊन बसत नाही. ती बहुतेक वेळा आपलीच, आधीपासून आपल्या तोंडात मुकाट्याने राहणारी असते. अंगात कुठेतरी बिघाड झाला की ती डोके वर काढते.

हे सगळे आठवायला कारण झाल्या एक आजी. वय सत्तरीच्या पुढे, मधुमेह बारा-तेरा वर्षांचा, वर-खाली दोन्ही कवळ्या. सकाळच्या खोपोली गाडीने नातवाबरोबर आल्या. तक्रार अशी की दोन महिने झाले, तिखट तर सोडाच, कोमट भातसुद्धा तोंडात झोंबतो. पेज आणि दूध यांवर दिवस चालले होते. वजन पाच किलोने उतरले होते. नातू नवी मुंबईत नोकरीला आहे, हुशार मुलगा. त्याने आजीला तिकडच्या एका दंतवैद्याकडे आधीच दाखवून आणले होते. तिथे त्याला सांगण्यात आले की तोंडात निळा रंग लावून त्यावर लेसरचा तांबडा उजेड टाकला की बुरशी मरते. चार बैठका, प्रत्येक बैठकीचे अडीच हजार रुपये. मोबाईलवर त्याने मला त्याची फीतही दाखवली आणि विचारले, "सर, हे खरे आहे की नुसते पैसे काढायचे?"

प्रश्न सरळ होता. उत्तर मात्र दोन वाक्यांत देता येण्यासारखे नव्हते. म्हणून आजचा हा लेख.

प्रथम हे सांगतो की उपचार खरा आहे. थोतांड नाही. त्याला फोटोडायनॅमिक उपचार म्हणतात, आणि दातांचे डॉक्टर त्यालाच प्रकाशाच्या साहाय्याने केलेले निर्जंतुकीकरण म्हणतात. त्यामागचे तत्त्व शंभराहून अधिक वर्षांचे जुने आहे. १९०० साली जर्मनीतील म्युनिक शहरात ऑस्कर राब नावाच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचे गुरू हर्मन फॉन टॅपायनर. राब हा पाण्यातल्या पॅरामेशियम नावाच्या सूक्ष्म जीवांवर अ‍ॅक्रिडिन या रंगाचा परिणाम तपासत होता. रंगाचे प्रमाण तेच, जीव तेच, आणि तरी एके दिवशी ते पटकन मरत आणि दुसऱ्या दिवशी कितीतरी वेळ जिवंत राहत. पोरगा चक्रावला. मग त्याच्या लक्षात आले की फरक रंगात नाही, उजेडात आहे. एका प्रयोगाच्या दिवशी बाहेर वादळी अंधारून आलेली हवा होती, असे सांगतात. नुसत्या रंगाने जीव मरत नव्हते, नुसत्या उजेडानेही मरत नव्हते. दोन्ही एकत्र आले की मरत होते. पुढे टॅपायनर यांनी दाखवून दिले की यात तिसरा भागीदारही आहे, तो म्हणजे प्राणवायू.

हे कसे घडते ते आपल्या घरातल्याच उदाहरणाने सांगतो. रंगीत लुगडे रोज कडक उन्हात वाळत घातले तर त्याचा रंग विटतो, आणि बऱ्याच वर्षांनी कापडही विरते. सावलीत वाळवले तर तेच लुगडे दुप्पट टिकते. याचे कारण रंगाचे कण उजेड शोषून घेतात आणि ती शक्ती शेजारच्या प्राणवायूला देऊन टाकतात. असा चेतवलेला प्राणवायू भलताच आक्रमक असतो. जवळ जे सापडेल ते तो जाळतो. कापडावर हे वर्षानुवर्षे चालते. उपचारात हाच प्रकार मुद्दाम, नेमक्या रंगाने आणि नेमक्या उजेडाने, काही मिनिटांत घडवून आणतात. बुरशीच्या पेशीत रंग शिरलेला असतो, त्यामुळे पेशीचे आवरण आतूनबाहेरून फाटते.

आता कोणी विचारील की मग हा चेतवलेला प्राणवायू आपले तोंड का जाळीत नाही? तर त्याचे आयुष्य क्षणाच्याही लहानशा अंशाइतके असते आणि तेवढ्यात तो केसाच्या जाडीच्या सुमारे हजाराव्या भागाइतकेच अंतर जाऊ शकतो. जिथे रंग चिकटला तिथेच काम होते. शिवाय बुरशीची पेशी आपल्या पेशीपेक्षा पुष्कळ लहान असते आणि रंग लवकर ओढून घेते. तरीसुद्धा रंग किती पातळ करायचा, किती मिनिटे ठेवायचा आणि उजेड किती द्यायचा याचे माप चुकले तर तोंडाची आग होतेच. म्हणून हा उपचार घरचा नव्हे. टेबलावर पडलेल्या खेळण्यातल्या लेसरने किंवा मोबाईलच्या बॅटरीने कोणी प्रयोग करू नयेत. लेसरने डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. तसेच दवाखाने निर्जंतुक करायला वापरतात तो अतिनील दिवा आणि हा उजेड यांचा काही संबंध नाही. तो दिवा तोंडात घालायचा नसतो.

औषध म्हणून उजेड ही कल्पना आपल्याला नवी वाटायचे कारण नाही. कोडावर बावचीचे बी लावून उन्हात बसायला सांगण्याची वैद्यांची पद्धत फार जुनी आहे. त्या बियांतील सोरालेन हे द्रव्य उन्हातल्या अतिनील किरणांनी जागे होते. (बावची घरच्या घरी लावून कातडी भाजून घेतलेले लोक मी पाहिले आहेत. तेव्हा हा भाग वाचून कोणी बिया शोधायला निघू नये.) डेन्मार्कचे नील्स फिन्सेन यांना १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते कातडीच्या क्षयावर उजेडाने उपचार केल्याबद्दल. आणि नवजात बाळाची कावीळ! इंग्लंडमधील रॉचफर्ड येथील रुग्णालयात १९५६ साली एका परिचारिकेच्या लक्षात आले की उन्हात नेलेल्या बाळाची कातडी उघडी राहिली तिथे पिवळेपणा कमी झाला आहे. तिच्या त्या निरीक्षणातून निळ्या दिव्याखाली बाळ ठेवण्याची पद्धत आली. आज कर्जत-खालापूर भागातल्या कितीतरी आयांनी आपले बाळ डोळ्यांवर पट्टी बांधून त्या निळ्या उजेडात झोपलेले पाहिले आहे. तिथे रंग बाहेरून लावावा लागत नाही, काविळीचे पिवळे द्रव्यच उजेड शोषते आणि शरीराबाहेर जाण्याजोगे होते. काम वेगळे, पण जात तीच.

निळा रंग ओळखीचाच

तोंडातल्या बुरशीसाठी जो रंग पुष्कळ ठिकाणी वापरतात तो मिथिलिन ब्ल्यू. हा १८७६ साली जर्मनीत कापड रंगवण्यासाठी तयार झाला. १८९१ साली पाऊल गुटमान आणि पाऊल अर्लिख यांनी तो हिवतापाच्या रुग्णांना औषध म्हणून दिला. आपल्याकडे ताप आला की आरोग्य कर्मचारी बोट टोचून काचेवर रक्त घेतात. ती काच तपासण्यापूर्वी ज्या रंगांनी रंगवतात त्यांतही हा निळा असतो. म्हणजे पावसाळ्यात आपल्या तालुक्यातले हिवतापाचे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात ते याच्याच कृपेने. हा रंग सुमारे ६६० नॅनोमीटर लांबीच्या तरंगाचा, म्हणजे तांबडा, उजेड सर्वांत चांगला शोषतो. म्हणून निळा रंग आणि तांबडा दिवा अशी जोडी.

दुसरा एक रंग ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. तो आहे हळदीतला पिवळा, कुरक्युमिन. त्याला निळा उजेड लागतो. ब्राझीलमधील संशोधकांनी याच बुरशीवर त्याचे प्रयोग केले आहेत. हळदीने जखम भरते यावर १९९५ साली अमेरिकेत एका विद्यापीठाला पेटंट मिळाले होते आणि डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना आपल्या सीएसआयआरने ते लढवून १९९७ साली रद्द करून घेतले, ही हकीकत वाचकांना आठवत असेल. पण म्हणून तोंडात हळद भरून अंगणात आ वासून उभे राहिल्याने बुरशी जाणार नाही. कुरक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, ते आधी दुसऱ्या द्रावणात घोळवावे लागते, आणि उजेडाची लांबी व मात्रा नेमकी लागते. हळद दुधात ठीक आहे.

बुरशी म्हणजे नेमके काय होते?

या बुरशीचे नाव कॅन्डिडा. निरोगी माणसांपैकीही पुष्कळांच्या तोंडात ती असते. लाळ, तोंडातले इतर जंतू आणि शरीराची प्रतिकारशक्ती तिला आवरून धरतात. तान्ह्या बाळाच्या जिभेवर आणि गालांत दुधाच्या साईसारखे पांढरे डाग दिसतात ते हिचेच. पुसले की निघतात आणि खाली लाल दिसते. बाळावर उपचार करताना आईच्या स्तनाग्रांवरही औषध लावावे लागते, नाहीतर आई बाळाला आणि बाळ आईला परत देत राहते. मोठ्या माणसांत मधुमेह, पुष्कळ दिवस घेतलेली प्रतिजैविके, कोरडे तोंड, कर्करोगावरील उपचार ही कारणे. दम्याचा पंप वापरणारे तर नेहमीचेच. पंपातले स्टेरॉईड घशात आणि जिभेवर बसते. पंपाला नळकांडे जोडून ओढा आणि नंतर खळखळून चूळ भरून थुंका, एवढे सांगितलेले किती जण पाळतात? दहांत दोन. आणि तरणाबांड, मधुमेह नसलेला, पंप न घेणारा माणूस तोंडभर बुरशी घेऊन आला तर मी एचआयव्हीची तपासणी सांगतो. ती सरकारी रुग्णालयात मोफत आणि गुप्तपणे होते. मी मुंबईत इंटर्नशिप करीत होतो ती नव्वदीची वर्षे. त्या वॉर्डात अन्ननलिकेपर्यंत बुरशी उतरलेली, घोटभर पाणी गिळताना डोळ्यांत पाणी येणारी पोरे मी पाहिली आहेत. सरकारची मोफत औषधे सुरू झाली ती १ एप्रिल २००४ पासून, आणि मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यातल्या पहिल्या आठ केंद्रांपैकी एक होते. त्या पोरांपर्यंत ती पोचली नाहीत.

त्या वॉर्डात आम्ही वापरत असू त्या औषधांपैकी एक आपल्या महाराष्ट्राच्या मातीतले होते, अगदी शब्दशः. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तिथे डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठीच्या दशकाच्या आरंभी मातीतल्या एका सूक्ष्म जीवापासून बुरशीवरचे औषध काढले, हॅमायसिन. त्या जीवाचे नावच स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. त्याआधी १९५० साली अमेरिकेत एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राऊन या दोघींनी निस्टॅटिन शोधले होते. न्यूयॉर्क स्टेट या नावावरून ते नाव पडले. हॅमायसिन त्याच कुळातले. तोंडातल्या पांढऱ्या डागांवर लावायला उत्तम. आता आम्ही बहुधा क्लोट्रिमॅझोलचे लावायचे औषध किंवा फ्लुकोनॅझोलची गोळी देतो. त्याहीपूर्वीच्या पिढीचे जेन्शन व्हायोलेट वाचकांतल्या आजी-आजोबांना आठवत असेल. जांभळ्या तोंडाची बाळे घरोघर दिसत. तोही रंगच होता.

औषधे आहेत, स्वस्त आहेत, मग उजेडाची गरज का पडावी? याला कारणे आहेत, आणि ती खोटी नाहीत. एक तर बुरशी औषधांना सरावू लागली आहे. २००९ साली जपानमध्ये प्रथम वर्णन झालेली कॅन्डिडा ऑरिस नावाची जात तर अनेक औषधांना दाद देत नाही आणि ती आपल्या देशातल्या मोठ्या रुग्णालयांतही सापडली आहे. चेतवलेला प्राणवायू एकाच ठिकाणी घाव न घालता पेशीत चौफेर घालतो, त्यामुळे त्याला सरावणे बुरशीला अवघड जाते. दुसरे कारण गोळीचे. फ्लुकोनॅझोल इतर औषधांच्या वाटेत येते. मधुमेहाची ग्लिमेपिराईड गोळी चालू असताना ती घेतली तर साखर एकदम उतरू शकते. रक्त पातळ करण्याच्या वॉरफरिनबरोबर रक्तस्राव होऊ शकतो. तोंडात लावायच्या मायकोनॅझोल जेलनेही तसे होते. माझ्याकडे एक गृहस्थ घामाने निथळत, बडबडत आले होते. नायट्यासाठी कोणीतरी सुचवले म्हणून त्यांनी दुकानातून याच गोळ्या परस्पर आणून रोज खाल्ल्या होत्या, मधुमेहाची गोळी चालूच. ग्लुकोज दिल्यावर माणूस उठून बसला. उजेडाचा उपचार जिथे केला तिथेच राहतो, यकृताला किंवा दुसऱ्या गोळ्यांना त्रास देत नाही, हा त्याचा मोठा गुण मानला पाहिजे.

आता दुसरी बाजू. ब्राझीलमधील अराराक्वारा येथील दंतवैद्यकांनी २०१२ साली कवळीखालच्या बुरशीच्या ४० रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना पंधरा दिवस निस्टॅटिन दिले. बाकीच्यांच्या टाळूवर आणि कवळीवर औषध फवारून, अर्धा तास थांबून उजेड दिला, अशा पंधरा दिवसांत सहा बैठका. निस्टॅटिनच्या गटात ५३ टक्के बरे झाले, उजेडाच्या गटात ४५ टक्के. म्हणजे थोडेफार सारखेच, आणि दोन्हीकडे निम्म्याच्या आसपासच. त्याच सुमारास एचआयव्हीबाधित २१ रुग्णांवर झालेल्या दुसऱ्या एका लहान अभ्यासात मिथिलिन ब्ल्यू आणि तांबड्या लेसरने बुरशी पूर्ण गेली आणि महिनाभर परतली नाही, तर फ्लुकोनॅझोलच्या गटात ती परतली. आकडा छान आहे, पण रुग्ण किती? तीन गटांत मिळून एकवीस. त्यानंतर बरेच अभ्यास झाले. एकूण सूर असा की हा उपचार औषधांच्या तोडीचा आहे, वरचढ आहे असे सिद्ध झालेले नाही, आणि रंग किती, उजेड किती, बैठका किती याचे एकच ठरलेले माप अजून नाही. हिरड्यांच्या विकारात आणि दाताच्या मुळाच्या उपचारात दंतवैद्य तो जोड म्हणून वापरतात, तिथेही साफसफाई आधी आणि उजेड नंतर.

उजेड जिथे पोचत नाही तिथे तो काही करू शकत नाही, हेही लक्षात घ्यावे. अन्ननलिकेतली बुरशी, रक्तातली बुरशी याला गोळी किंवा इंजेक्शनच लागते. २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्रात जो 'काळी बुरशी' म्हणून हाहाकार झाला, तो म्युकर. ती वेगळी बुरशी. टाळूला काळा डाग, गालावर सूज, नाकातून काळपट स्राव, एकाचे दोन दिसणे, वरचे दात अचानक हलणे असे काही मधुमेही माणसाला झाले तर कसला रंग आणि कसला उजेड! त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे लागते, मेलेला भाग कापून काढावा लागतो आणि ॲम्फोटेरिसिन द्यावे लागते. तिथे एकेक दिवस मोलाचा असतो.

एक माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी पन्नाशीचे एक गृहस्थ तोंडात आग होते म्हणून आले. तंबाखू-चुना दिवसातून दहा-बारा वेळा, डाव्या गालात. तिथेच रुपयाएवढा पांढरा डाग. मधुमेह होता, म्हणून मी बुरशी समजून लावायचे औषध दिले. पंधरा दिवसांनी म्हणाले, आग कमी आहे. मी खूश. तीन महिन्यांनी परत आले, डाग तिथेच. मी पुन्हा तेच औषध दिले, अधिक दिवसांचे. तिसऱ्या वेळी त्यांची मुलगी बरोबर होती. बारावीतली पोर. तिने विचारले, "डॉक्टर, बाळाच्या तोंडातले पांढरे पुसले की निघते, मग बाबांचे का निघत नाही?" मी गॉजचा तुकडा बोटाला गुंडाळला आणि पुसून पाहिले. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवे होते. डाग निघाला नाही, आणि त्याच्या एका कडेला बोटाला टणक लागले. तुकडा काढून तपासला तेव्हा कर्करोग निघाला, सुदैवाने लहान. मुंबईला शस्त्रक्रिया झाली. ते गृहस्थ आज हयात आहेत, गालाची एक बाजू ओढलेली आहे, तोंड दोन बोटेच उघडते. माझ्या हातून पाच महिने गेले. मला ते कधी बोलले नाहीत. मुलीने फक्त एकदा विचारले, लवकर कळले असते का? मी हो म्हणालो.

म्हणून तंबाखू, मशेरी, गुटखा यांपैकी काहीही लावणाऱ्या-खाणाऱ्या माणसाचा पांढरा किंवा लाल डाग पुसून निघत नसेल, किंवा औषधाने दोन आठवड्यांत गेला नसेल, तर त्यावर आणखी औषध नको, गोळी नको आणि उजेड तर मुळीच नको. आधी तुकडा तपासावा. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि तो कुठे मिळतो हे मी तुम्हाला सांगायला नको. आमच्याकडच्या बाया मशेरीला व्यसन मानतच नाहीत. 'दात घासायला लागते' म्हणतात. दिवसातून पाच वेळा दात कोण घासते? मुंबईला गाडीने जाणे शक्य असेल तर सीएसएमटी स्थानकातून चालत जाण्याजोगे सरकारी दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलला नायरचे आहे, आणि दोन्हीकडे तोंडाचे डाग तपासणारा स्वतंत्र विभाग असतो.

आता आजींकडे परत. मी त्यांना कवळ्या काढायला सांगितल्या. वरची निघता निघेना. निघाली तेव्हा टाळू लालभडक, आणि त्या लालीची कड अगदी कवळीच्या कडेबरहुकूम, पाटीवर पेन्सिलीने आखावी तशी. पांढरे डाग नव्हतेच. कवळीखालची बुरशी अशीच दिसते, म्हणून ती पुष्कळदा ओळखू येत नाही. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांना चिरा. साखर तीनशेच्या वर. मी विचारले, "आजी, रात्री कवळी काढून ठेवता ना?"

आजी गप्प. नातू म्हणाला, "काढत असेल की." तेव्हा आजी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आठ वर्षं झाली बसवून. एकदाही नाही काढली रात्री. घरात सून आहे, नातसून आलीय. बोळकं तोंड घेऊन कोणासमोर बसू? आणि रात्रीत मेले तर लोक तसंच बघतील."

नातवाला हे ठाऊक नव्हते. तो खाली बघत राहिला.

त्या कवळीला आतून हात लावला तर बुळबुळीत थर. बुरशी टाळूवर जेवढी, त्याच्या कितीतरी पट कवळीत होती. ब्राझीलच्या त्या डॉक्टरांनी टाळूबरोबर कवळीवरही उजेड टाकला तो याच कारणासाठी. नुसत्या टाळूवर चार बैठका करून कवळी परत तशीच बसवली असती तर महिन्याभरात मूळपदावर. त्या दंतवैद्यांनी चुकीचे सांगितले असे मी म्हणत नाही. कदाचित कवळीचेही ते पाहणार होते. पण दहा हजार खर्च करण्यापूर्वी विचारायला हरकत नसते की डाग खरवडून बुरशी असल्याची तपासणी केली का, कवळीचे काय करणार, साखरेचे काय, आणि नाही गेली तर पुढे काय. शिवाय मिथिलिन ब्ल्यू वापरणार असतील तर नैराश्याच्या गोळ्या चालू असल्यास, किंवा जी-सिक्स-पीडी या द्रव्याची कमतरता असल्यास आधी सांगावे. शिरेतून देतात तेवढा धोका लावण्यात नाही, पण सांगितलेले बरे.

मी आजींना मधुमेहाचे औषध बदलून दिले, क्लोट्रिमॅझोल लावायला दिले आणि कवळीची शिस्त सांगितली. रात्री काढायची, मऊ ब्रशने आणि साध्या साबणाने आतून-बाहेरून घासायची, रात्रभर पाण्यात ठेवायची. दंतवैद्याने दिले असेल तर क्लोरहेक्सिडीनच्या पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवायची आणि धुवून घ्यायची. तोंडात निस्टॅटिन लावत असाल तर मात्र क्लोरहेक्सिडीन त्याच वेळी वापरू नये, दोन्ही एकमेकांना निकामी करतात. उकळत्या पाण्यात टाकायची नाही आणि उन्हात वाळवायची नाही, कवळी वाकडी होते. आठ वर्षांची ढिली झालेली कवळी घासून घासून टाळू खाते, तेव्हा नवी करावी लागेल हेही सांगितले. नातू म्हणाला, त्या बैठकांचे पैसे नव्या कवळीला घालतो.

राहता राहिला बोळक्या तोंडाचा प्रश्न. त्याला माझ्याजवळ औषध नव्हते. पण तिसऱ्या आठवड्यात आजी आल्या तेव्हा टाळू गुलाबी झाली होती, साखर एकशे ऐंशीवर आली होती आणि आदल्या दिवशी त्यांनी सुकटीची चटणी आणि भाकरी खाल्ली होती. मी रात्रीचे विचारले. म्हणाल्या, "नातसुनेनं झाकणाची डबी आणून दिलीय. रात्री दिवा घालवला की काढते आणि पहाटे कोणी उठायच्या आत लावते." बुरशीच्या दृष्टीने तेवढा अंधार पुरेसा आहे, असे मी त्यांना सांगितले.